अभयारण्यातील पिंजरा

२०२५ च्या मे महिन्यात गीर व सौराष्ट्रातील सिंहांच्या गणनेचे आकडे प्रसिद्ध झाले. २०२० साली ६७४ असलेली सिंहांची संख्या ८९१ वर गेल्याचे ऐकून देशभर समाधान व्यक्त झाले, आणि ते रास्तच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जो प्राणी नामशेष होण्याच्या काठावर उभा होता, जुनागढच्या नवाबांनी शिकारीवर निर्बंध घातले म्हणूनच ज्याचा वंश टिकला, तो आज गीरची हद्द ओलांडून समुद्रकिनाऱ्यापर्यंत पसरला आहे. जगात वन्य प्राण्यांच्या ऱ्हासाच्याच वार्ता अधिक येत असताना ही वार्ता खचित सुखावह होती. परंतु या ८९१ सिंहांत आमली-सिल्वासा नजीकच्या वासोणा येथील सिंह धरलेले नाहीत. गणना मोकळ्या सिंहांची होते. कुंपणाआडच्या सिंहाची नोंद होते ती दप्तरात, इतर जिंदगीबरोबर. तो सिंह असूनही सिंहांत मोजला जात नाही, ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ आहे. पण तिच्यातच या प्रश्नाचे सारे मर्म आहे असे आम्हांस वाटते.

दादरा व नगर हवेली हा प्रदेश आमच्या वाचकांस परका नाही. गोव्याच्या मुक्तीआधी सात वर्षे, १९५४ च्या ऑगस्टमध्ये, पोर्तुगीज सत्तेचे निशाण सिल्वाशावरून खाली उतरले आणि त्या कार्यात मराठी व गोमंतकीय तरुण अग्रभागी होते. अवघ्या ४९१ चौरस किलोमीटरांच्या या मुलखात अद्यापही सुमारे चाळीस टक्के भूमी वनाखाली आहे. त्यापैकी सुमारे ९२ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र २००० साली वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. वासोण्याची सिंह सफारी सुमारे वीस हेक्टरांची. म्हणजे एका चौरस किलोमीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा. जाळीबंद गाडीतून पर्यटकांना आत नेण्यात येते, झाडाखाली पहुडलेला सिंह त्यांना दाखविला जातो आणि छायाचित्रे काढून मंडळी परततात. मुंबई, वापी, सुरत येथून सुटीच्या दिवशी येणाऱ्या कुटुंबांना याहून सोपे वनदर्शन मिळणे कठीण.

येथे एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. तेथील कर्मचारी निर्दय आहेत किंवा सिंहांची उपासमार होते, असे सुचविण्याचा आमचा बिलकूल हेतू नाही. प्रश्न व्यक्तींच्या वर्तनाचा नसून तत्त्वाचा आहे. ज्या नरसिंहाचा संचार गीरमध्ये कित्येक चौरस किलोमीटरांवर असतो, ज्याचे सारे शरीर आणि स्वभाव कळपासाठी, हद्दीसाठी व शिकारीसाठी घडला आहे, त्याला वेळच्या वेळी मांस आणि औषध दिले म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मे महिन्यात जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात निकाल देताना प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला होता. भूक व तहान, गैरसोय, वेदना व रोग, भय यांपासून मुक्ती ही त्यांतील पहिली चार. पाचवे आहे स्वाभाविक वर्तनाचे स्वातंत्र्य. उत्तमातील उत्तम पिंजरा पहिली चार देऊ शकेल. पाचवे देणे कोणत्याही पिंजऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आणखी एक विसंगती विचार करण्याजोगी आहे. या डोंगरांतील वारली समाजाचा देव वाघदेव. वाटेवर, शेताच्या बांधावर त्याच्या मूर्ती आढळतात; त्याचा कोप होऊ नये म्हणून पूजा होते आणि त्याच्या वाटेत आपण आलो आहोत याची जाणीव त्या पूजेत असते. ज्याच्या भयाने रात्र काढावी त्यालाच नमस्कार करावा, या वृत्तीला नागर माणूस भोळेपणा म्हणेल. पण वन्य प्राण्यांशी शेजारधर्म कसा पाळावा याचे एवढे जुने शिक्षण आमच्या शहरांत कोठे आहे? अशा मुलखात वाघदेवाच्या रानाचे रक्षण करण्याऐवजी परमुलखातील सिंह आणून तो कुंपणात दाखविणे, ही वनाची सेवा नव्हे. ते वनाचे प्रदर्शन झाले.

सफारीच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद केले जातात. ते टाकाऊ नाहीत. म्हणूनच त्यांचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिला युक्तिवाद शिक्षणाचा. मुलांनी सिंह पाहिला नाही तर त्यांना त्याच्याविषयी आस्था कशी वाटावी, असे विचारले जाते. प्रश्न योग्य आहे. पण मूल तेथे नेमके काय शिकते? मोठ्यांनी हॉर्न वाजविला, आरोळी ठोकली, खडा मारला तरच सिंह उठतो, आणि तो उठला नाही तर पैसे वाया गेले, हेच ते शिकत असेल तर त्या शिक्षणाची फी फार मोठी म्हणावी लागेल. प्राणी हा आपल्या करमणुकीस बांधील नाही, हा वन्यजीवनाचा पहिला धडा आहे. आणि तिकिटाच्या खिडकीवर तो धडा शिकविता येत नाही.

दुसरा युक्तिवाद वंशरक्षणाचा. एखादी साथ आली आणि गीरमधील सिंह नष्ट झाले तर बंदिस्त सिंहांतून वंश राखता येईल, असे सांगतात. साथीची भीती काल्पनिक नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात अल्पावधीत तेवीस सिंह दगावले आणि त्यांतील काहींना कुत्र्यांमधील डिस्टेंपर रोगाच्या विषाणूची बाधा झाल्याचे आढळले. परंतु या धोक्यावरील खरा उपाय सर्वोच्च न्यायालयानेच २०१३ च्या एप्रिलमध्ये सांगून ठेवला आहे. सिंहांना दुसरे मोकळे घर द्या, मध्य प्रदेशातील कुनोत काही सिंह सहा महिन्यांत हलवा, असा तो आदेश होता. त्यानंतर कुनोत २०२२ साली आफ्रिकेचे चित्ते उतरले. गीरचे सिंह मात्र गेले नाहीत. एका राज्याच्या अभिमानापायी दुसरे रान नाकारावयाचे आणि वंशरक्षणाच्या नावाने वीस हेक्टरांच्या कुंपणाचे समर्थन करावयाचे, हा तर्क आम्हांस पटण्यासारखा नाही.

तिसरा युक्तिवाद रोजगाराचा. पर्यटक येतात, त्यांच्यामागे चार पैसे येतात, आदिवासी तरुणांना काम मिळते. हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि प्राण्यांच्या कैवाराच्या भरात त्याची हेटाळणी करणे अन्यायाचे होईल. अभयारण्य घोषित झाले की लाकूडफाटा, मध, चराई यांवर निर्बंध येतात. बिबट्याने शेळी नेली तर नुकसान त्याच गरिबाचे होते. दयेचा खर्च डोंगरातल्या माणसाने सोसावा आणि तिचे पुण्य शहराने घ्यावे, असा व्यवहार नीतीचा म्हणता येणार नाही. पण म्हणूनच रोजगार सिंहाच्या कैदेवर उभा करावा काय? तोच माणूस रानाचा वाटाड्या, पहारेकरी, जखमी प्राण्यांचा शुश्रूषक होऊ शकतो. त्याच्या ज्ञानाला मोल आहे. ते दरवाजावर तिकिटे फाडण्यात खर्ची पडू नये.

कायद्याची स्थिती पाहिली तर आपल्या समाजाच्या मनातील द्विधा लख्ख दिसते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा अद्याप लागू आहे आणि त्याखालील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे. आज त्या पैशांत दोन माणसांचा न्याहारीचा खर्चही भागत नाही. राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने सर्व प्राणिमात्रांविषयी भूतदया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. १९९८ च्या अधिसूचनेने सिंह, वाघ, अस्वल, माकड यांचे खेळ करण्यास बंदी झाली, सर्कसवाल्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम राखली. २०२३ साली घटनापीठाने मात्र जल्लिकट्टू, कंबळा आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना मुभा देणारे राज्यांचे कायदे वैध ठरविले आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे मानण्यास नकार दिला. म्हणजे हक्क त्यांना नाहीत, कर्तव्य मात्र आपल्याला आहे. आमच्या मते यामुळे आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. ज्याला फिर्याद करता येत नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरूनच आपले कर्तव्य खरे की कागदी हे ठरते.

या संदर्भात २०२४ च्या मार्च महिन्यातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्गदर्शक आहे. व्याघ्र सफारीत प्राणिसंग्रहालयातील वाघ आणू नयेत. त्याच परिसरातील जखमी, अनाथ अथवा माणसांशी संघर्षात सापडलेल्या वाघांसाठीच ती असावी, असा त्याचा आशय आहे. हा निकाल वाघांपुरता असला तरी त्यामागील विवेक सिंहांना लागू करण्यास कोणाची हरकत असावी? त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी न्यायालयाने वनक्षेत्रात नवी प्राणिसंग्रहालये व सफारी आपल्या अनुमतीवाचून उभारण्यास सरकारांना मज्जाव केला होता. सफारी म्हणजे वनसंवर्धनच, ही समजूत न्यायपीठापुढे टिकलेली नाही, एवढे तरी यावरून दिसून येते.

दुसऱ्याच्या अंगणातील केर दाखविताना आपल्या दारासमोर पाहणे इष्ट. गोव्यात धिरयोंवर नव्वदीच्या दशकापासून न्यायालयाची बंदी आहे आणि तरीही पहाटेच्या वेळी शेतात बैल झुंजविले जातात. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले. गाई गमावलेल्या माणसाचा राग आणि वेळेवर न पोहोचणारे सरकार यांच्या कात्रीत वाघ सापडला की असेच घडते. २०२३ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाने म्हादईचा परिसर व्याघ्र राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, तर राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. आपल्याला बोंडल्यातील पिंजऱ्यातला वाघ हवासा वाटतो आणि म्हादईतला मोकळा वाघ अडचणीचा वाटतो. वासोण्याचा रोग आणि आपला रोग एकच आहे.

मग करावे काय? वासोण्याच्या सिंहांना रानात सोडा, अशी भाबडी मागणी आम्ही करणार नाही. बंदिवासात वाढलेला सिंह मोकळ्या रानात जगू शकेलच असे नाही आणि माणसांना त्याच्यापासून धोकाही संभवतो. त्यांचे उरलेले आयुष्य चांगल्या पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, शांततेत जावे. मात्र नवे सिंह आणणे आणि केवळ प्रदर्शनासाठी पैदास करणे थांबवावे. जन्म, मृत्यू व आजार यांची जी वार्षिक मोजदाद केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणास द्यावी लागते, ती प्रवेशद्वारावरील फलकावर मराठीत व गुजरातीत लावावी. तिकीट काढणाऱ्यास ती वाचण्याचा अधिकार आहे. आणि या जागेचे क्रमाने परिसरातील जखमी व अडचणीत सापडलेल्या बिबट्यांसाठी आश्रयस्थानात रूपांतर करावे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे असे केंद्र कित्येक वर्षे चालू आहे. पशुधनाची भरपाई आठवड्यांत, वर्षांत नव्हे, मिळाली तर वाघदेवाच्या पूजकाला विषाची बाटली उचलण्याचे कारण उरणार नाही.

सिंह हे आमच्या देवीचे वाहन. नरसिंहाची मूर्ती आमच्या देवघरांत आहे, आणि तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात गंगेचे पाणी घालणाऱ्या नाथमहाराजांची कथा आमच्या घराघरांत सांगितली जाते. त्या कथेत नाथांनी गाढवाला रामेश्वरापर्यंत नेले नाही, त्याचा उत्सवही केला नाही; त्याची गरज पाहिली आणि कावड रिती केली. भूतदयेचा अर्थ एवढाच आहे. प्राण्याला काय हवे ते पाहणे, आपल्याला त्याच्याकडून काय हवे ते नव्हे. अभयारण्य या शब्दातील अभय कोणासाठी आहे, याचे उत्तर दादरा-नगर हवेलीच्या प्रशासनाने द्यावे. आणि पुढच्या सुटीत वासोण्याच्या गाडीत बसण्यापूर्वी ते आपणही स्वतःला द्यावे.