पत्रं कुणाच्या कपाटात?

मंडळी, मेल सर्व्हर निवडायचा म्हटलं की चर्चा लगेच वेगावर जाते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं, तर माझी पत्रं मला वाचता येतील का?

घरच्या मंडळींसाठी थोडा खुलासा. मेल आणून टाकणारा पोस्टमन वेगळा (उदा. पोस्टफिक्स) आणि पेटी सांभाळून आपल्याला उघडून दाखवणारा वेगळा. मी बोलतोय ते या दुसऱ्याबद्दल. फोनवरून किंवा ऑफिसातून पेटी बघायची तर तो आयमॅप बोलतो. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये काढलेली ही रीत. पत्रं सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे एकीकडे वाचलेलं दुसरीकडेही वाचलेलंच दिसतं.

पण त्याच मशिनसमोर बसलेलो असताना मला मट उघडून, नाहीतर साध्या ग्रेपने, थेट फायलींत शोधायचं असतं. इथे खरी गोची.

जुन्या एमबॉक्समध्ये अख्खा फोल्डर म्हणजे एकच फाइल. सर्व्हर आणि मट दोघांनी एकदम हात घातला आणि दोघांची कुलूप लावायची रीत वेगळी निघाली, तर फाइलच बिघडू शकते. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी मेलडिर काढलं: एका पत्राची एक फाइल. पत्र आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये पूर्ण लिहायचं, मग नव्या पत्रांच्या फोल्डरमध्ये हलवायचं. वाचल्याची खूण फाइलच्या नावातच. भानगड बरीचशी मिटली.

आता सर्व्हर. कार्नेगी मेलन विद्यापीठातून आलेला सायरस दणकट आहे, हजारो पेट्या सांभाळायला उत्तम. पण त्याची अट अशी की पत्रांच्या फायलींना परस्पर हात लावायचा नाही. टिमो सिराइनेन यांचा २००२ साली आलेला डोव्हकॉट मेलडिर वापरतो, वेगासाठी स्वतःची सूची शेजारी ठेवतो आणि मटने काही बदललं तर ते ओळखून सूची सुधारून घेतो. सूची पुसली तरी पत्रं जागेवरच, सूची पुन्हा तयार होते.

म्हणून घरासाठी किंवा छोट्या ऑफिससाठी माझं मत डोव्हकॉट आणि मेलडिर यांनाच. फुकट काहीच नसतं म्हणा. लाखभर चिमुकल्या फायलींचा बॅकअप रखडतो. शिवाय २०२५ मध्ये २.४ आवृत्ती आली आणि २.३ ची कॉन्फिगरेशन फाइल तशीच्या तशी चालेनाशी झाली. पण त्यातही पत्रांच्या फायली होत्या तशाच राहतात, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. सॉफ्टवेअर बदलत राहणार.

आजोबांची पत्रं ट्रंकेत सापडली तर ती वाचायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या मेललाही पुढच्या पिढीसाठी एवढी सोय ठेवायला हरकत नसावी.