फलकावरील सावली नसलेली माणसे

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकाच्या परिसरात सणासुदीच्या किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या दिवसांत मान वर करून फिरावे. २०२२ साली अनावरण झालेला शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा दिसण्यापूर्वी दृष्टीस पडतात ते फ्लेक्स. मधोमध महाराज, त्यांच्या खाली पक्षश्रेष्ठी, कडेने शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या रांगा आणि या सर्वांच्या पुढे हाताची घडी घालून उभा असलेला भावी नगरसेवक. श्रेष्ठींच्या चेहऱ्यावर प्रकाश डावीकडून येतो, इच्छुकाच्या चेहऱ्यावर उजवीकडून. एकाचे छायाचित्र सभागृहातील पिवळ्या दिव्याखाली घेतलेले, दुसऱ्याचे भर दुपारी गच्चीवर. पाय जमिनीवर टेकलेले असूनही कोणाचीच सावली पडलेली नाही. महापालिकेची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपून प्रशासकाचा कारभार सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही; त्या काळात अनेकांचे नगरसेवकपद या फलकांवरच नांदले.

या प्रकाराला नागरिक हसतात आणि पुढे जातात. हसतात, कारण जोड दिसते. इच्छुक श्रेष्ठींच्या शेजारी प्रत्यक्ष कधी उभा राहिला नव्हता, हे त्याच्या केसांभोवती राहिलेली पांढरी कडच सांगून टाकते. वस्तुतः ओबडधोबड कातरकाम हे एका अर्थी प्रामाणिकच असते. खरा प्रश्न सुरू होतो तो कारागीर हुशार निघाल्यावर.

कापून घेतलेली आकृती परक्या दृश्यात मुरवणे हे सोपे काम नव्हे. पहिली परीक्षा प्रकाशाची. सूर्य एकच असल्यामुळे नाकाची, हनुवटीची आणि मागील खांबाची सावली एकाच दिशेला पडली पाहिजे. तिची लांबी व कडेचा मऊपणाही जुळला पाहिजे. दुसरी परीक्षा कॅमेऱ्याच्या उंचीची. मूळ दृश्य डोळ्याच्या उंचीवरून टिपलेले असेल, तर क्षितिजाची रेषा सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या सर्व माणसांना एकाच ठिकाणी छेदते. खालून टिपलेला माणूस तेथे आणून ठेवला की तो तरंगतो. मग रंग. हिरवळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या धोतरावर हिरवी झाक चढते, सावलीतील चेहऱ्यावर आकाशाची निळसर छटा येते. दूरच्या वस्तूंवर हवेचा पातळ पडदा असतो, त्यामुळे त्यांचा काळा रंग पूर्ण काळा राहत नाही. चित्राचा दाणा आणि कडांची तीक्ष्णता दोन्हीकडे सारखी लागते. आणि सर्वांत सूक्ष्म गोष्ट म्हणजे पायताण जमिनीला टेकते तेथील ती गडद, अरुंद सावली. ती नसली तर बाकी सारे जुळूनही माणूस जमिनीवर उभा वाटत नाही. निष्णात कारागीर हे सारे साधतो, तेव्हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांना शंकेला जागाच उरत नाही.

ही विद्या संगणकासोबत आली असे समजण्याचे कारण नाही. ऑस्कर रेलँडर याने १८५७ साली इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य छायाचित्र सिद्ध केले होते. महाराष्ट्राला तर या विद्येचा अभिमानच वाटावा. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके हे मुळात छायाचित्रकार. जादूचे प्रयोगही ते शिकले होते. एका चित्रावर दुसरे चित्र चढवण्याच्या करामतीतून त्यांनी पुराणकथा पडद्यावर उभ्या केल्या. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी केलेली गोष्ट मात्र आजच्या फलकबहाद्दरांनी ध्यानी घ्यावी. कृष्ण झालेली त्यांची कन्या मंदाकिनी चित्रपटाच्या प्रारंभी आपल्या साध्या रूपात प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावरील भाव दाखवते आणि मग त्याच चौकटीत तिचा वेषधारी कृष्ण होतो. करामत कोठे आहे हे फाळक्यांनी आधीच उघड केले. तरीही प्रेक्षकांच्या भक्तीत तिळमात्र उणे आले नाही.

म्हणजे आक्षेप कलेवर नाही. लग्नाच्या अल्बममध्ये दिवंगत वडिलांची आकृती वधूच्या मागे बेमालूम बसवून देणारा स्टुडिओवाला कोणालाही फसवत नाही. ते चित्र पाहून डोळे पुसणाऱ्या घरातील प्रत्येकाला वडील मांडवात नव्हते हे ठाऊकच असते. आक्षेप आहे तो जोडलेले चित्र टिपलेले म्हणून खपवण्यावर. जोडलेले चित्र कारागिराची कल्पना सांगते. टिपलेले चित्र साक्ष देते, अमुक क्षणी अमुक माणूस अमुक ठिकाणी होता असे शपथेवर सांगते. कल्पनेने साक्षीदाराचा वेष घेतला की तिला खोटी साक्ष म्हणतात, आणि ती सुबक आहे म्हणून क्षम्य ठरत नाही.

वृत्तपत्रसृष्टीने हे एकदा फार कठोरपणे मान्य केले. ३१ मार्च २००३ रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पहिल्या पानावर इराकमधील बसऱ्याजवळचे एक छायाचित्र झळकले: नागरिकांना खाली बसण्याची खूण करणारा ब्रिटिश सैनिक आणि त्याच्याकडे मूल घेऊन येणारा पुरुष. चित्र प्रभावी होते. परंतु मागे बसलेल्या गर्दीतील काही माणसे दोनदा दिसत असल्याचे कोणाच्या तरी लक्षात आले. ब्रायन वाल्स्की या अनुभवी छायाचित्रकाराने एकाच जागी काही क्षणांच्या अंतराने टिपलेली दोन चित्रे जोडली होती. सैनिक खरा, पुरुष खरा, जागाही खरी. खोटा होता तो केवळ क्षण. तेवढ्यासाठी त्याला नोकरी गमवावी लागली. भारतातील किती संपादक अशी कठोरता दाखवतील?

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या महापुराची पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हवाई पाहणी केली. ती पाहणी झाली होती, पूर खरा होता, मदतही खरी होती. तरीही पत्र सूचना कार्यालयातील कोणाला विमानाच्या खिडकीतील धूसर दृश्य पुरेसे वाटले नाही आणि तेथे जलमय वस्तीचे स्पष्ट चित्र चिकटवले गेले. चोरी उघडी पडली, चित्र मागे घ्यावे लागले, दोन छायाचित्रे एकत्र केल्याची कबुली द्यावी लागली. एका खऱ्या कामाचे हसे झाले ते एका अनावश्यक चिकटपट्टीमुळे. विरोधकांना आयते कोलीत देणारी ही अतिउत्साही स्वामिभक्ती राष्ट्रवादी विचाराच्या कार्यकर्त्याला सर्वाधिक खटकली पाहिजे. दुसऱ्याच्या खोट्या चित्रावर तुटून पडायचे आणि आपल्या बाजूच्या खोट्याकडे काणाडोळा करायचा, ही रीत स्वयंसेवी संस्कारात बसत नाही.

येथपर्यंत हसे झाले. पुण्यात रक्त सांडले. २०१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस शिवछत्रपती आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी बनावट चित्रे फेसबुकवर पसरली. ती चित्रे घडवणाऱ्याचा हेतूच संताप उसळवण्याचा असणार, आणि तो साधला. बसगाड्या फुटल्या, दुकाने बंद पडली आणि २ जून रोजी हडपसरमध्ये त्या चित्रांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार केले. महाराजांच्या नावाने संतापलेल्यांनी महाराजांची न्यायबुद्धी क्षणभर तरी आठवली होती काय? आणि बदनामी झाली ती शिवभक्तांची. संभाजीनगरने २९ मार्च २०२३ च्या रात्री किराडपुऱ्यातील दंगल पाहिली आहे. तिला असे चित्र कारण नव्हते. पण जे शहर एका रात्रीत इतके पेटू शकते, तेथे बेमालूम घडवलेले एक चित्र काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको. रात्री अकरा वाजता गटावर आलेले चित्र न पाहता, न पारखता पुढे ढकलणारा अंगठा त्या कारागिराचा बिनपगारी नोकरच असतो.

आता तर कारागीरही लागत नाही. पूर्वी केसांची कड सोडवण्यात तास जात असे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र प्रकाश, सावली, हिरवी झाक, सारे काही काही क्षणांत जुळवून देते. डोळ्यांनी जोड पकडण्याचे दिवस संपत आले आहेत, म्हणून सांगण्याची जबाबदारी घडवणाऱ्यावरच टाकली पाहिजे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिम चित्रांवर तसा ठळक उल्लेख असावा असा नियमांचा मसुदा मांडला, ते पाऊल योग्यच होते. पण त्याचा रोख समाजमाध्यमांवर होता. चौकातील फ्लेक्सचे काय? साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर निकाल दिला. तेथे प्रश्न होता तो फलकाला परवानगी आहे की नाही याचा. परवानगीच्या फलकावरील चित्र खरे की जुळवलेले, हे विचारणारे कोणी नाही.

मागणी फार मोठी नाही. छपाईला जाणाऱ्या प्रत्येक जोडचित्राच्या खालच्या कोपऱ्यात, वाचता येईल अशा अक्षरांत, ‘जुळवलेले छायाचित्र’ एवढे दोन शब्द असावेत. महापालिकेने परवानगीच्या अर्जात ही अट घालावी. छपाई करणाऱ्यांनी ती पाळावी. आणि कायद्याची वाट न पाहता गणेश मंडळांनी, जयंती उत्सव समित्यांनी स्वतःच्या फलकापासून प्रारंभ करावा. यात इच्छुकांची थोडी अडचण होईल हे खरे. श्रेष्ठींशी असलेली जवळीक कात्रीची आहे, हे स्वतःच छापणे कोणाला आवडेल? या शहरापासून तासाभराच्या अंतरावर वेरूळचे कैलास लेणे एकाच पाषाणातून, कोठेही जोड न देता उभे आहे. जोड देऊन उभे राहणाऱ्यांनी निदान ती कोठे आहे ते दाखवावे. क्रांती चौकातील पुढचा फ्लेक्स छपाईला जाण्यापूर्वी डिझायनरकडे ते दोन शब्द मागणारा पहिला कार्यकर्ता कोणत्या पक्षाचा निघतो, ते आता पाहायचे.