दोष वाऱ्याचा की करवतीचा?

वळवाच्या वादळात बेंगळुरूचे पर्जन्यवृक्ष उन्मळले, की दोष वाऱ्याच्या माथी मारला जातो. वीजतारांसाठी वर्षानुवर्षे एकाच बाजूच्या फांद्या तोडल्या, त्याचे काय? वृक्षाचा गुरुत्वमध्य सरकतो, मुळांवर कलता भार कायमचा बसतो. शिवाय निरनिराळ्या लयींत डोलणाऱ्या फांद्या वाऱ्याची ऊर्जा जिरवतात. त्या गेल्या, की तडाखा थेट खोडाला. (आंदोलनांचे अवमंदन पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवतात!)

वृक्षाची जखम भरून येत नाही. सडलेला भाग तो आतल्या आत कोंडून टाकतो, हे अमेरिकी वनसेवेतील अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७७ साली मांडले. फांदीच्या बुडाचा फुगवटा राखला, तरच ही कोंडी टिकते. तो सपाट कापणे म्हणजे कवकाला दार उघडून देणे. करवत ज्याच्या हाती द्यायची, त्याला हा फुगवटा ओळखता येतो का, एवढे तरी कंत्राटापूर्वी तपासावे.