सुटकेनंतरचा हिशेब

पनवेलहून पेणमार्गे अलिबागला गेलेल्या माणसास किनाऱ्यावरूनच कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीच्या वेळी तेथे चालत जाता येते. भरती आली की चहूबाजूंनी पाणी होते. शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या वर्षांत हा जलदुर्ग बांधण्यास घेतला आणि पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी तो आपल्या आरमाराचे मुख्य ठाणे केले. 1981 पर्यंत आपला जिल्हाही याच किल्ल्याच्या नावाने ओळखला जात असे. या किल्ल्याच्या पराक्रमाच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. मात्र 1712-13 च्या हिवाळ्यात एक सतरा-अठरा वर्षांची इंग्रज स्त्री येथे बंदिवान होती, ही हकिकत फार थोड्यांच्या ऐकिवात असते. तिचे नाव कॅथरिन कुक.

कॅथरिनचे वडील गेरार्ड कुक हे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर होते. रजेवर मायदेशी गेलेले हे कुटुंब 1709 साली परत बंगालला निघाले. प्रवास लांबला, वारे प्रतिकूल झाले आणि जहाजाला कारवार बंदराचा आसरा घ्यावा लागला. तेथील वखारीचा प्रमुख जॉन हार्वे हा वयस्क आणि शरीराने व्यंग असलेला गृहस्थ होता. पण त्याच्या हाती पैसा होता. त्याने कुक यांच्या थोरल्या मुलीला मागणी घातली. तेव्हा तिचे वय तेरा-चौदा वर्षांचे होते. आईवडिलांनी रुकार दिला, विवाह झाला आणि जहाज पुढे बंगालला निघून गेले. मुलगी कारवारलाच राहिली.

दोनच वर्षांत, 1711 साली, हार्वे मरण पावला आणि कॅथरिनच्या आयुष्यातला खरा गुंता येथून सुरू झाला. त्या काळी कंपनी आपल्या नोकरांना पगार तुटपुंजा देई. पण त्यांना स्वतःचा व्यापार करण्याची मुभा असे. एकाच वखारीत, एकाच मिरीच्या ढिगाऱ्यात, कंपनीचा माल कोणता आणि साहेबाचा कोणता हे पुष्कळदा एकट्या साहेबालाच ठाऊक असे. हार्वे गेला, तेव्हा त्याची खासगी देवघेव आणि कंपनीची खाती एकमेकांत अडकलेली होती. कंपनीचे म्हणणे असे की, आधी आमचे येणे फिटू द्या, उरेल ते विधवेचे. किती उरेल, हे सांगणारा माणूस मात्र जगात राहिला नव्हता.

लवकरच कॅथरिनने थॉमस चाऊन नावाच्या कंपनीच्या तरुण नोकराशी विवाह केला. हार्वेच्या मालमत्तेसाठी दोघांनी मुंबईच्या दरबारी दाद मागितली. तो निवाडा रेंगाळत असतानाच 1712 च्या नोव्हेंबर महिन्यात चाऊन पतिपत्नी मुंबईहून कारवारला जाण्यास ‘अ‍ॅन’ नावाच्या लहान गलबतावर चढली. सोबतीला मुंबईच्या गव्हर्नरची शस्त्रसज्ज नौका होती. वाटेत आंग्र्यांच्या आरमाराने दोन्ही जहाजांना गाठले. चकमकीत तोफेच्या गोळ्याने चाऊनचा हात उडाला आणि रक्तस्राव होऊन पत्नीच्या देखतच त्याने प्राण सोडला. दोन्ही जहाजे पाडाव झाली. अठरा वर्षेही पुरी न झालेली, दुसऱ्यांदा विधवा झालेली आणि गरोदर असलेली कॅथरिन बंदी म्हणून कुलाब्यास आली.

इंग्रजी पुस्तकांनी कान्होजींना ‘समुद्री लुटारू’ हे नाव दिले. समुद्रव्यवहाराची तत्कालीन रीत पाहिली म्हणजे हे नाव किती एकांगी आहे ते कळते. पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना परवाना विकण्याचा हक्क पोर्तुगीज दोनशे वर्षे सांगत आले होते. त्याला ते ‘कार्ताझ’ म्हणत. इंग्रजही आपले परवाने देत. कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आपले दस्तक घ्यावे, ही त्यांची मागणी त्याच रीतीला धरून होती. तंटा होता तो निशाणाचा. मुंबई आणि सुरतेच्या देशी व्यापाऱ्यांचा माल पुष्कळदा इंग्रजांचे निशाण लावून जाई आणि दस्तकाची रक्कम चुकवी. या तंट्यात जी गलबते सापडत, त्यांत आपल्या किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांच्या कापसाचे, कापडाचे आणि मिरीचे गठ्ठे असत. या मोठ्या भांडणात कॅथरिनचा काहीच संबंध नव्हता. त्याची झळ मात्र तिला बसली.

कैदेत तिला कसे वागविले गेले, याविषयी क्लेमेंट डाउनिंग या इंग्रज खलाशाने पुढे 1737 मध्ये छापलेल्या पुस्तकात कठोर शब्द लिहिले आहेत. तिला सोडवून आणण्यास लेफ्टनंट मॅकिंटॉश गेला, तेव्हा तिच्या अंगावर पुरेसे वस्त्रही नव्हते आणि त्याने आपले कपडे तिच्याभोवती गुंडाळले, असे तो सांगतो. हे शत्रुपक्षाचे कथन आहे, त्यामुळे ते तोलूनच घ्यावे लागते. परंतु ते सर्वस्वी बाजूला सारले तरीही पती डोळ्यांदेखत गेलेली, पोटात मूल असलेली, भाषा न समजणारी मुलगी परक्या किल्ल्यात साडेतीन महिने राहिली, एवढे उरतेच. आपल्या वीरपुरुषाविषयीचा आदर राखूनही तिचे दुःख मान्य करता येते. इतिहास वाचताना एवढा समतोल साधणे अवघड नाही.

सुटका झाली तीही राजकारणाच्या सोयीने. त्या सुमारास शाहू महाराजांच्या पक्षाशी कान्होजींचा संघर्ष चालू होता आणि एकाच वेळी सर्व दिशांना शत्रू ठेवणे परवडणारे नव्हते. त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तहाचे बोलणे लावले. कंपनीच्या जहाजांना उपद्रव देऊ नये, इंग्रजांनी आपले निशाण फक्त आपल्याच जहाजांवर लावावे, एकमेकांच्या बंदरांत रीतसर जकात भरून व्यापार करावा, अशी कलमे ठरली. गव्हर्नर विल्यम आयस्लॅबी याने 30,000 रुपये खंडणी देऊन माणूस पाठविला आणि 1713 च्या फेब्रुवारीत बंदिवान मुंबईस परतले. त्यानंतर लवकरच कॅथरिनला मुलगा झाला.

त्याच दिवसांत दूर दिल्लीकडे आणखी एक स्त्री बंदिवान होती आणि ती मराठ्यांच्या छत्रपतींची माता होती. 1689 साली छत्रपती संभाजी महाराजांच्या वधानंतर येसूबाईंनी राजारामांना रायगडाबाहेर सुखरूप पाठविले आणि वेढा पडलेला गड स्वतः महिनोन्‌महिने सांभाळला. गड पडला, तेव्हा सात वर्षांच्या शाहूंसह त्या मोगलांच्या छावणीत गेल्या. 1707 मध्ये शाहू सुटले. मातोश्रींना मात्र ओलीस म्हणून मागे ठेवण्यात आले. सय्यद हुसेन अलीशी 1718 मध्ये झालेल्या करारात स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या बरोबरीने येसूबाईंची मुक्तता हेही एक कलम होते. बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीस गेले आणि 1719 मध्ये सनदा व मातोश्री दोन्ही घेऊन साताऱ्यास परतले. एकीची कैद साडेतीन महिन्यांची, दुसरीची सुमारे तीस वर्षांची. दोघीही कोणाच्या तरी तहनाम्यातील एक कलम झाल्या होत्या. फरक पडला तो सुटकेनंतर. येसूबाई परतल्या त्या पुत्राच्या राज्यात. कॅथरिन परतली तेव्हा तिचे म्हणावे असे घर नव्हते आणि हार्वेच्या मालमत्तेचा निवाडा जेथे सोडला होता तेथेच थांबलेला होता.

पुढे तिने विल्यम गिफर्ड या कंपनीच्या तिसऱ्या नोकराशी विवाह केला. गिफर्ड महत्त्वाकांक्षी होता. केरळ किनाऱ्यावरच्या अंजेंगो वखारीचा तो प्रमुख झाला. मिरीच्या खासगी व्यवहारात त्याने स्थानिक व्यापाऱ्यांना दुखावले आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. 1721 च्या एप्रिलमध्ये अट्टिंगलच्या राणीसाठी नजराणा घेऊन तो सुमारे 140 माणसांनिशी निघाला. त्यांच्यावर हल्ला झाला आणि गिफर्डसह जवळजवळ सर्व जण मारले गेले. इंग्रजी सत्तेविरुद्धचा आरंभीचा उठाव म्हणून केरळात आजही या घटनेचे स्मरण ठेवले जाते.

वखारीला वेढा पडला. स्त्रिया व मुले एका लहान गलबतातून मद्रासकडे निघाली. त्या घाईत, जीव मुठीत धरलेला असताना, कॅथरिनने वखारीच्या वह्या आणि कागदपत्रे बरोबर घेतली. याच एका कृतीत तिच्या आधीच्या बारा वर्षांचे शिक्षण सामावलेले आहे. पहिला पती गेला, तेव्हा खाती दुसऱ्यांच्या ताब्यात होती आणि तिला त्यांच्या दारी उभे राहावे लागले. तिसऱ्या वेळी तिने खातीच हाती घेतली.

कंपनीने साहजिकच वह्या परत मागितल्या आणि गिफर्डकडे मोठे येणे असल्याचा दावा लावला. कॅथरिनने उलट आपलेच येणे निघते असे सांगितले. मद्रासहून ती कलकत्त्यास गेली आणि तेथून कमोडोर मॅथ्यूजच्या युद्धनौकेवरून मुंबईस व पुढे इंग्लंडला. मॅथ्यूज राजाच्या आरमाराचा अधिकारी. त्याच्या जहाजावर कंपनीचा हुकूम चालत नव्हता. योगायोग असा की, 1721 च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर जी फसलेली मोहीम केली, तिच्यातही हाच मॅथ्यूज होता. इंग्लंडमध्ये कंपनी आणि कॅथरिन यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. तिच्या पतीने कंपनीचे पैसे खाल्ले असतील वा नसतील. तिने वह्यांतील सोयीचे तेवढेच पुढे केले असेल, हेही संभवते. ती निर्दोष देवी नव्हती. पण कुलाब्याची कैद साडेतीन महिन्यांत संपली आणि हिशेबाची कैद पुढे अनेक वर्षे टिकली, हे तिच्या चरित्रातले सत्य आहे.

अशीच एक कथा अमेरिकेच्या सरहद्दीवर दीडशे वर्षांनी घडली. 1864 च्या जुलैमध्ये फॅनी केली ही तरुण स्त्री नव्या वस्तीच्या शोधात पतीसह बैलगाड्यांच्या तांड्यातून पश्चिमेकडे चालली होती. आपल्या भूमीत शिरणाऱ्या गोऱ्यांशी सू जमातीचा तेव्हा झगडा पेटला होता. ओग्लाला सू योद्ध्यांनी आजच्या वायोमिंग प्रांतात तांड्यावर हल्ला केला आणि फॅनीला बरोबर नेले. बरोबर असलेली लहान पोसलेली मुलगी मारली गेली. सुमारे पाच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, फोर्ट सली येथे तिची सुटका झाली. पतीची भेट झाली. पण 1867 मध्ये पटकीने तो दगावला. मग लुटल्या गेलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी फॅनीला वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. तेथील काँग्रेसने तिला 5,000 डॉलर मंजूर केले. कैदेचा वृत्तांत तिने 1871 साली स्वतः ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कॅथरिनने असा ग्रंथ लिहिला नाही. तिचा आवाज उरला आहे तो कंपनीच्या दप्तरातील अर्जांत आणि पत्रांत. मुलूख वेगळे, माणसे वेगळी. तरी दोघींच्या कथेत सुटकेच्या दिवशी आनंद संपतो आणि दुसऱ्या दिवशी कागदपत्रांची वाटचाल सुरू होते.

व्यापारी घराण्यांना या हकिकतीत परके असे फार काही वाटू नये. पेढी आणि घर यांचा पैसा एकाच तिजोरीत राहतो. उसनवार तोंडी होते. भागीदाराशी झालेली बोलणी एकट्याच्या मनात असतात. कोणाचे किती येणे आणि कोणाचे किती देणे, हे घरातील कर्त्या पुरुषाला तोंडपाठ असते आणि त्याच्या पत्नीला ठाऊक असते ते फक्त महिन्याच्या घरखर्चाचे. सर्व सुरळीत असते तोवर हे खपून जाते. एखाद्या दिवशी अकस्मात आघात होतो. मग तेरा दिवसांच्या आतच दोन्ही बाजूंचे लोक दारात येतात. देणेकरी गप्प बसतात आणि घेणेकरी बोलू लागतात.

आजची स्त्री कॅथरिनइतकी असहाय नाही. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. पती मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची विधवा पहिल्या वर्गातील वारस ठरते. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. भागीदारी कायद्यानुसार करारात वेगळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढीच विसर्जित होते, हे अनेकांच्या ध्यानातही नसते. परंतु कायदा हक्क देतो. त्या हक्काचा आकडा वहीतूनच काढावा लागतो. ती वही कोठे आहे, तिच्यात काय लिहिले आहे आणि ती कशी वाचायची, हे जिला कोणी कधी सांगितले नाही, तिच्या हातात हक्क असूनही ओंजळ रिकामी राहते.

म्हणून दिवाळीच्या वहीपूजनाला घरातील स्त्रियांनी कुंकू वाहावे आणि मागे सरावे, एवढ्यावर थांबू नये. त्या दिवशी वर्षाचा ताळेबंद त्यांच्यासमोर उलगडावा. सुनेला बँकेच्या ठेवी, मुलीला भागीदारीचा करार, पत्नीला येण्या-देण्याची यादी समजावून द्यावी. मृत्युपत्र लिहून ठेवावे. घरखाते आणि पेढीखाते निराळे करावे. यात अपशकुन नाही आणि अविश्वासही नाही. कुलाब्याच्या कैदेतून सोडविण्यास 30,000 रुपये पुरले. त्यानंतरच्या कैदेतून सोडविण्यास कोणाचीही खंडणी उपयोगी पडत नाही. तेथे स्वच्छ लिहिलेली आणि घरातल्या सर्वांनी वाचलेली वहीच लागते.