कागद मागणारी बाई मीच

मागच्या अंकात आपल्या एका मैत्रिणीचं परदेशातून आलेलं पत्र छापून आलं. ती तिकडे नोकरी करते, सुट्टी साठवून वर्षातून दोन महिने इकडे येते आणि वस्तीतल्या मुलांबरोबर काम करते. उरलेले दहा महिने तिकडच्या मराठी कुटुंबांकडून निधी जमवते. बदलापूरच्या एका गटाने मुलांना भेटण्याआधी तिच्याकडे पोलिसांचा दाखला मागितला, दोन ओळखीच्या माणसांची पत्रं मागितली आणि वर मुलांबरोबर एकटीने बसायचं नाही असं बजावलं. याचं तिला फार वाईट वाटलं. मी इथलीच, मराठीच, बाईच. मग माझ्यावर अविश्वास का, असा तिचा सवाल आहे. त्याखाली 'कार्यकर्त्यांनी विचार करावा' अशी टीपही छापली आहे.

विचार केला. तो गट आमचा आहे आणि कागद मागणारी बाई मीच. पुन्हा मागेन.

आम्ही खरवईत काम करतो. बदलापूर पूर्वेचं हे जुनं गाव. आता एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला टॉवर आणि मधल्या जागेत बांधकामावरच्या बिगाऱ्यांची घरं. आमच्या वर्गात येणारी मुलं त्या घरांतली. आई साईटवर नाहीतर धुण्याभांड्याला, बाप असला तर असला. शाळा सुटल्यापासून आई परत येईपर्यंत ती आमच्याकडे असतात. तेवढे तास त्यांना आमच्याशिवाय कुणी नसतं.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे परदेशातले एक गृहस्थ आले. एका संस्थेने पाठवलेले, साठीचे, मृदू बोलणारे. दोन जुने संगणक घेऊन आले. पर्यटक व्हिसावर आहेत हे मला नंतर कळलं. मुलांना इंग्रजी शिकवायचे, मुलं त्यांना चिकटून बसायची आणि आम्हाला कौतुक वाटायचं. एका रविवारी ते चार मुलांना घेऊन कोंडेश्वरच्या धबधब्यावर गेले. एकटे. संध्याकाळी परत आले तेव्हा आम्ही मुलांना काय विचारलं, तर मजा आली का! त्या चारांतला एक मुलगा पुढे वर्गाला आला नाही. त्याची आई दुसऱ्या साईटवर गेली असं शेजारणीने सांगितलं आणि आम्ही ते मानलं. काही वाईट घडलं असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. आणि माहीत करून घेण्याचं काम माझं होतं.

त्याच महिन्यात आम्ही वर्गासाठी वस्तीतलीच एक मुलगी नेमली. बारावी झालेली, नवऱ्याने टाकलेली. तिला तीन बैठकांत बसवून प्रश्न विचारले. नवऱ्याने का सोडलं, कुणाकडे राहतेस, रात्री उशिरा का येतेस. हे विचारणारी मी, जिने परित्यक्तांच्या प्रश्नावर ठिकठिकाणी भाषणं केली. त्या गृहस्थांना मात्र मी फक्त चहा विचारला.

मैत्रिणीला कागदांचा अपमान वाटतो. आपल्याकडे कागद न मागता काय झालं तेही तिने आठवून पाहावं. मडगावच्या गुरुकुल नावाच्या अनाथाश्रमाचा चालक फ्रेडी पीट्स गावात दयाळू म्हणून ओळखला जाई. त्याच्याकडे परदेशी पाहुणे यायचे आणि तो आश्रमातली मुलं त्यांच्या हवाली करायचा. १९९१ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा मुलांची दोन हजारांवर छायाचित्रं सापडली. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

मुंबईत कुलाब्याला डंकन ग्रँट या ब्रिटिश माणसाने रस्त्यावरच्या मुलांसाठी अँकरेज नावाचे निवारे काढले, एक मुरूडलाही होता. त्याचा मित्र अ‍ॅलन वॉटर्स तिथे येऊन राहायचा. मुलांनी तोंड उघडलं ते २००१ मध्ये. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षांची शिक्षा दिली, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सोडून दिलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षं! साक्ष देणारी पोरं तोवर बाप्ये झाली. चाइल्डलाइनच्या आणि कायद्याचं काम करणाऱ्या बायांनी हा खटला धरून ठेवला म्हणून तो टिकला, नाहीतर केव्हाच बुडाला असता.

यावर कुणी म्हणेल, तुम्ही परदेशी माणसाला चोर ठरवता. छे! आम्ही बदलापूरच्या बाया, आम्हाला हे कोण सांगणार? ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं. २० तारखेला लोक रेल्वे रुळावर बसले, तेव्हा सरकार जागं झालं. आरोपी कंत्राटावर नेमलेला सफाई कामगार, आमच्या खरवईतच राहणारा. लोकांनी त्याच्या घरच्यांचं घर फोडलं. खटला उभा राहण्याआधीच २३ सप्टेंबरला तो पोलिसांच्या गोळीने मेला, आणि इथे पेढे वाटले गेले. मी त्या पेढ्याला हात लावला नाही. लहान मुलींच्या शौचालयाजवळ पुरुषाला कुणी नेमलं, बाई का नव्हती, हे विचारायचं राहून गेलं. त्यानंतर शासनाने शाळेतल्या कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य-पडताळणीचा आदेश काढला. चांगलंच झालं. पण म्हणजे झाडू मारणाऱ्याची पडताळणी करायची आणि विमानाने येणाऱ्याला हार घालायचा, असंच ना?

पैशाच्या बाबतीत आपलं सरकार किती जागरूक! २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरवावी लागते. पै-पैचा हिशेब, वर्षाचा अहवाल. आपल्या बैठकांतही निधीवर रात्र रात्र भांडणं होतात, परकीय पैसा घ्यावा की नाही यावर गट फुटले. त्या पैशाबरोबर जो माणूस येतो, त्याच्यावर एकही ठराव मला आठवत नाही.

आणि फोटो. आमच्याकडच्या एका मुलीचा फोटो तिकडच्या एका पत्रकात छापून आला, खाली तिच्या आईबद्दल नको ते लिहून. तो मोबाइलवर फिरत फिरत तिच्या शाळेत पोचला आणि मुलगी शाळेत जाईना. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलाची ओळख छापणं गुन्हा आहे. ते कलम दाखवल्यावर उत्तर आलं की, फोटो नसला तर देणगी येत नाही. मैत्रिणीने आपल्या पत्रात कुणाचे फोटो पाठवते हे लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

परदेशी मदतीचं मला वावडं नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, बोस्टनमध्ये त्यांच्यासाठी असोसिएशन उभी राहिली, दहा वर्षं पैसा देण्याचं तिने कबूल केलं, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं. पैसा तिकडचा, पण मुलींच्या शेजारी निजणारी बाई इथली, रमाबाई स्वतः. तिकडे हिशेब जायचा. इकडे रानडे, भांडारकर सल्लागार होते, त्यांनीही जाब विचारला आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात राजीनामे दिले. त्या वादात कोण बरोबर यावर आपण वेगळ्या अंकात भांडू. मुलींना सांभाळणाऱ्या संस्थेला प्रश्न विचारायचे असतात, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं. रमाबाई रागावल्या असतील, पण त्यांनी सदनाला कुलूप घातलं नाही.

तर मैत्रिणी, आता थेट तुलाच सांगते. या वर्षी येशील तेव्हा तू राहतेस तिथल्या पोलिसांचा दाखला आण. दोन पत्रं आण, त्यातलं एक तुझ्या हाताखाली काम केलेल्या बाईचं असू दे. वर्गात तुझ्याबरोबर आमची ती बारावी झालेली मुलगी बसेल. आता ती वर्गाची प्रमुख आहे आणि कुणाला मुलांजवळ बसू द्यायचं हे तीच ठरवते. मलासुद्धा ती एकटं बसू देत नाही. फोटो काढायचे नाहीत. दोन महिन्यांनी जाताना मुलांना खोटं सांगायचं नाही, पुढच्या वर्षी येणार नसशील तर तसं सांगून जायचं. मागच्या वेळी दोन मुली तुझी वाट बघत दारात बसत होत्या. वर्ग दुपारी दोनला भरतो. स्टेशनवरून रिक्षा मिळते, एमआयडीसीच्या फाट्यावर उतर.