तोफ हेच निशाण



खंडेनवमीला आपण नांगर, पाभर, कोयता, खुरपे धुऊन-पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो. ज्याच्यावर घर चालते त्याला चुकून पाय लागला तर लगेच हात जोडतो. लष्कराच्या तोफखान्याची रीत याहून फार निराळी नाही. नाशिक रोडला तोफखान्याचे जवान घडवणारे केंद्र आहे आणि शेजारी देवळालीला तोफखान्याची शाळा. आपल्याकडची कितीतरी पोरे तिथून तयार होऊन गेली. तेव्हा आज या तोफखान्याची गोष्ट ऐका.

पायदळाच्या पलटणीला तिचे निशाण असते. पूर्वी ते लढाईत पुढे नेत. ते शत्रूच्या हाती पडले की पलटणीचे नाक कापले गेले असे समजत. तोफखान्यात मात्र तोफ हेच निशाण मानतात. तोफ टाकून मागे फिरायचे नाही, हा त्यांचा धर्म. त्यात नुसती भावना नाही, व्यवहारही आहे. आज सोडून दिलेली तोफ उद्या आपल्याच माणसांवर उलटते.

२८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबई इलाख्याच्या फौजेत तोफखान्याची एक तुकडी उभी राहिली. पुढे तीच पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली. तिचा वाढदिवस आजही सारा तोफखाना 'गनर्स डे' म्हणून पाळतो. १८५७ च्या उठावाने मात्र इंग्रजाने धसका घेतला. हिंदी माणसाच्या हाती तोफ नको, असे त्याने ठरवले. डोंगरी तोफांच्या थोड्या तुकड्या काय त्या शिल्लक राहिल्या. मैदानी तोफा आपल्या माणसांच्या हाती पुन्हा यायला १९३५ साल उजाडले.

डोंगरी तोफ म्हणजे सुटी करून खेचरांवर लादायची तोफ. एकेका तोफेला आठ-आठ खेचरे लागत. चढणीवर खेचर अडले की माणसांनी खांदा द्यायचा. जनावरावर ज्याचे काम चालते त्याला हे कष्ट वेगळे सांगायला नकोत.

अशाच एका डोंगरी तोफेवर हवालदार उमरावसिंग होते. हरियाणातल्या पाल्रा गावचे, शेतकऱ्याच्या घरचे. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या कलादान खोऱ्यात त्यांची तोफ अगदी पुढे होती. १५ तारखेच्या रात्री जपान्यांनी दीड तास गोळे ओतले आणि मग चाल केली. पहिला हल्ला परतवला. दुसऱ्यात उमरावसिंग आणि आणखी दोघे सोडून बाकी सारे साथी पडले. तिसऱ्या हल्ल्यात काडतुसेही संपली. तेव्हा त्यांनी तोफ उचलायचा जड लोखंडी दांडा हाती घेतला. आपली पहारच म्हणा ना! तो घेऊन ते शत्रूवर तुटून पडले. सहा तासांनी आपली माणसे तिथे पोचली, तेव्हा उमरावसिंग तोफेजवळ बेशुद्ध पडलेले होते. डोक्यावर इतके घाव की चेहरा ओळखू येईना. दांडा मात्र मुठीत घट्ट होता. आजूबाजूला दहा जपानी मरून पडले होते. तोफ जागची हलली नव्हती. त्याच दिवशी ती पुन्हा धडधडू लागली.

या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्वातंत्र्यानंतरही त्यांनी आपल्या लष्करात चाकरी केली. निवृत्तीनंतर ते गावी परतले आणि दोन एकर जमिनीवर घर चालवू लागले. ओढाताण होती. ते पदक विकत घ्यायला लोक मोठी रक्कम द्यायला तयार होते. उमरावसिंगांनी विकले नाही. ते विकणे म्हणजे पडलेल्या साथींच्या नावाला बट्टा लावणे, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र हक्काचे मागायला ते लाजले नाहीत. १९९५ साली लंडनला गेले असता पदकाचे मानधन फार तुटपुंजे आहे, हे त्यांनी इंग्लंडचे पंतप्रधान जॉन मेजर यांना तोंडावर सांगितले आणि पुढे ते वाढले. २००५ साली ते वारले.

वाचकहो, 'सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल' हे तोफखान्याचे ब्रीद. सगळीकडे मान आणि यश, असा त्याचा अर्थ. पण मानाने चूल पेटत नाही. तुमच्या गावात फौजेतून आलेला म्हातारा असेल, एखादी वीरपत्नी असेल, तर एकदा विचारपूस करा. निवृत्तिवेतनाचे कागद नीट आहेत का, वारसाचे नाव लागले आहे का, ते पाहा. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जा. त्यांनी तोफ सोडली नाही, आपण त्यांना सोडू नये.