कार्ड, करंट आणि काका

‘ताई, कोणतं कार्ड घेऊ?’

रात्री साडेअकराला असा मेसेज आला, की कुणालाही क्रेडिट कार्डच आठवेल. पण चाकूरच्या आमच्या मावसभावाला त्यात काडीचा इंटरेस्ट नाही. त्याला हवं होतं ग्राफिक्स कार्ड. तेही साधंसुधं नाही, आरटीएक्स ५०६०! कारण काय, तर ‘व्हॅलोरंट’मध्ये साहेब गोल्ड रँकवर अडकलेत, कॉलेजच्या टीमचं सिलेक्शन जानेवारीत आहे, आणि एका मित्राने ऐकवलंय, ‘तुझं कार्डच डब्बा हाय राव!’

गॅजेट्सवर चार लेख काय लिहिले, अख्ख्या खानदानाची मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाली झालेय. त्यामुळे २०२५च्या दिवाळीत पुण्याहून निघाले, तेव्हा बॅगेत मावशीसाठी साडी होती आणि जुन्या पीसीतून काढलेली आठ जीबीची रॅम. असू द्यावी, उपयोगी पडते.

चाकूर म्हणजे लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. इथे बीएसएफचं ट्रेनिंग सेंटर आहे. म्हणजे खरी बंदूक कशी चालवायची, ते शिकवणारं ठिकाण गावातच! काकांचा सगळा युक्तिवाद तिथूनच सुरू होतो. ‘बंदूकच चालवायची असंल तर कॅम्पात जा म्हणावं. पगार तरी मिळंल.’

काकांचं चूक आहे का? सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली. काकांचं अर्धं सोयाबीन जागेवर कुजलं. उरलेलं बाजारात नेलं, तर भाव ५,३२८ रुपयांच्या हमीभावाच्या खाली. तरीही पोराचं तोंड बघून त्यांनी पस्तीस हजार बाजूला काढले होते. पैसे माझ्या हातात देत म्हणाले, ‘तुला कळतंय त्यातलं. पण जुगार नाही ना गं ह्यो?’

नाही, काका. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. व्हॅलोरंट फुकट खेळता येतं, त्यात पैज लावायची नसते. काकांनी मान हलवली. पण पाकीट हातात घेताना माझाच हात जड झाला होता. मंडळी, क्लायंटचे पैसे वेगळे आणि सोयाबीनचे पैसे वेगळे!

आता थोडी तांत्रिक बडबड. पण सोपी, प्रॉमिस.

भावाच्या पीसीत आहे इंटेलचा दहाव्या पिढीचा आय-थ्री, आठ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५० हे २०१९चं कार्ड आणि मामाच्या ऑफिसातून आलेला जुना मॉनिटर. मी आधी मॉनिटरची सेटिंग उघडली. ६० हर्ट्झ. म्हणजे कार्डाने सेकंदाला दोनशे चित्रं काढली, तरी पडदा बदलणार साठच वेळा. दर चित्रामागे सुमारे १६.७ मिलिसेकंद. १४४ हर्ट्झवर तेच ६.९ होतात आणि २४० हर्ट्झवर ४.२. कोपऱ्यातून डोकावणारा शत्रू कुणाला आधी दिसणार, ते इथे ठरतं. नवं कार्ड घेऊन जुना पडदा ठेवणं म्हणजे चारपदरी हायवेवरून येऊन बैलगाडीच्या वाटेला लागणं!

मग एक टेस्ट. घरी तुम्हीही करून बघा, पैसे पडत नाहीत. गेमचं रेझोल्युशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० करा. काढायची चित्रं लहान झाली, म्हणजे कार्डाचं काम हलकं झालं. फ्रेम्स धडाधड वाढल्या, तर तुमचं कार्डच कमी पडत होतं. जागच्या हलल्या नाहीत, तर दोष दुसरीकडे आहे.

आमच्या हलल्या नाहीत. दोन्हीकडे दीडशेच्या आसपास, आणि मारामारी सुरू झाली की धाडकन सत्तर! कार्ड बिचारं निवांत बसलं होतं, दमत होता प्रोसेसर. त्यात आठ जीबी रॅमवर गेम, डिस्कॉर्ड आणि ब्राउझरचे अठरा टॅब. बॅगेतली रॅम लावली. एकाच्या दोन झाल्या, की प्रोसेसरला मेमरीचे दोन रस्ते मिळतात. सत्तरचे झटके शंभरच्या वर आले. साहेबांचे डोळे बशीएवढे.

‘पण ताई, मोठे प्लेअर तर लई भारी कार्ड वापरतेत की!’

वापरतात ना. पण सेटिंग्ज मात्र बहुतेक जण खालच्याच ठेवतात. त्यांना सावल्या आणि धूर सुंदर दिसायला नकोय, शत्रू लवकर दिसायला हवाय. शिवाय व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटने २०२०मध्ये गेम आणला, तेव्हाच १४४ फ्रेम्ससाठी जीटीएक्स १०५० टीआय पुरेल असं सांगितलं होतं. भावाचं ‘डब्बा’ कार्ड त्याच्याहून सरस! २०२३च्या ‘काउंटर-स्ट्राइक २’ची गोष्ट वेगळी. तो कार्डाकडून जास्त काम मागतो. थोडक्यात काय, कार्ड गेम बघून घ्यायचं, मित्राचा शेरा ऐकून नाही.

आणि खरंच घ्यायचं असेल, तर चार गोष्टी बघा. एक, पॉवर सप्लाय. जीटीएक्स १६५० पंचाहत्तर वॉटचं, आरटीएक्स ५०६० एकशे पंचेचाळीसचं. त्यासाठी कंपनी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर छापलेल्या वॉटवर विश्वास नको. दोन, मदरबोर्ड. काही नवी कार्डं बोर्डाशी कमी लेनमधून बोलतात. जुन्या बोर्डावर त्यांचा वेग अडतो. २०२२चं आरएक्स ६५०० एक्सटी याच कारणासाठी बदनाम झालं. तीन, सेकंडहँड घेताना सावध. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. अर्धा तास गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून मगच पैसे द्या. चार, १०८०पीवर शूटर गेमच खेळणार असाल, तर आठ जीबीचं कार्ड पुरतं. उगाच आकड्यांना भुलू नका.

हे लेक्चर चालू असतानाच लाइट गेली.

‘आता?’ मी विचारलं.

‘आता काय, मॅच गेली. मधूनच बाहेर पडलो म्हणून वर दंड पण बसतोय,’ भाऊ म्हणाला. ‘आठवड्यातून तीन-चार वेळा व्हायलंय असं.’

घ्या! रँक कुठे अडकली होती, ते अंधारात दिसलं. महागातलं महाग कार्ड लाइट गेल्यावर विटेसारखंच. उन्हाळ्यात चाळिशीपार तापमान आणि व्होल्टेजची ये-जा, यात आधी पीसीला जगवायला हवं.

मेणबत्तीच्या उजेडात आम्ही यादी केली. १६५ हर्ट्झचा मॉनिटर अकरा हजार. हजार व्हीएचा यूपीएस पाच हजार, त्यावर राउटरही जोडायचा. वायफायऐवजी लॅनची केबल, मधल्या खोलीच्या खिडकीतून, तीनशे. कार्ड शून्य रुपये. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. कबूल करते, मलाही वाईट वाटलं. विशीतल्या पोराला ‘नवं कार्ड’ म्हणजे काय असतं, ते मला माहितेय. मी फक्त पाकीट त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, ‘तू ठरव.’

बराच वेळ तो गप्प होता. मग उठला, उरलेले पैसे मोजले आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या काकांच्या हातात नेऊन दिले. ‘हरभऱ्याच्या बियाला होतेल,’ एवढंच बोलला.

आठ दिवसांनी मॉनिटर आला आणि मला व्हिडिओ कॉल. ‘ताई, काहीच फरक नाही!’ सेटिंग बघितली, तर विंडोजमध्ये अजून ६० हर्ट्झच. हे शेकडो लोक करतात, लाजू नका. १६५ केलं, त्याने माउस हलवला आणि पलीकडून नुसतं ‘आईशप्पथ!’ ऐकू आलं.

जानेवारीत टीममध्ये निवड झाली, पण सब्स्टिट्यूट म्हणून. फिल्मी शेवट नाही, सॉरी. तो म्हणाला, ‘आधी मरायचो तेव्हा कार्डाला शिव्या द्यायचो. आता चूक कुठं झाली ते दिसतंय.’

परवा काकांचा फोन आला. मावशीची तब्येत, पुण्याचा ट्रॅफिक, माझं लग्न, सगळं झालं. ठेवताना हळूच म्हणाले, ‘ते कार्ड का काय म्हणत होतीस, त्ये कवा लागंल त्याला? हरभरा निघाल्यावर सांग.’